मामांची शुगर ६.१ आली तेव्हा

जानेवारी २०२० मधली गोष्ट. दुकानात संध्याकाळची गर्दी होती आणि मामेभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, मामांचा लॅबचा रिपोर्ट, त्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे कागदावर एचबीएवनसी लिहिलेलं असतं ती, ६.१ टक्के. नऊ महिन्यांपूर्वी हीच ९.४ होती. मी काउंटरवर उभ्या उभ्याच फोन लावला, मामांना द्यायला सांगितलं आणि म्हटलं मामा, जिंकलात. मामी मागून म्हणाल्या, उद्या देवाला नारळ फोडते. मी फार्मासिस्ट आहे, मिरजेत मेडिकलचं दुकान चालवते, शुगरचे कागद दिवसभर हातातून जातात, आणि तरी त्या ६.१ च्या शेजारी मामांचं वय, त्यांचं हार्ट, त्यांची किडनी आणि त्यांच्या गोळ्या हे सगळं एकत्र ठेवून बघावं असं मला त्या दिवशी सुचलं नाही. पाच आठवड्यांनी पहाटे चार वाजता फोन आला.

मामांनी मला लिहायची परवानगी दिलीय, "नाव-गाव घालू नगंस, बाकी सगळं लिही, तंबाखूचं पण लिही" असं म्हणाले, म्हणून सगळंच लिहिते.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. तासगावच्या बाजूचं गाव, घरची एकरभर द्राक्षबाग. २००५ साली, वय ४४, नोकरीच्या मेडिकल तपासणीत शुगर सापडली, उपाशीपोटी १९० च्या वर. मेटफॉर्मिन चालू झाली, चार-पाच महिने घेतली, रिपोर्ट बरा आला आणि गोळी बंद. "माझी शुगर गेली" असं ते सगळ्यांना सांगायचे. मग कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर, कुणीतरी आणून दिलेल्या लाकडी ग्लासातलं पाणी, हे सगळं आळीपाळीने चालायचं. आणि दुसरीकडे ड्रायव्हरचं आयुष्य, दिवसाला सात-आठ चहा, स्टँडवरचा वडापाव, मुक्कामी गाडी असली की मिळेल ते आणि मिळेल तेव्हा, झोप कधी चार तास, आणि रात्री डोळा लागू नये म्हणून तंबाखू-चुना.

तपासणी जवळ आली की मामांची एक पद्धत होती. दोन दिवस आधीपासून भात बंद, गोड बंद, आदल्या संध्याकाळी सातलाच अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी, मग सकाळी उपाशीपोटीची शुगर १३०-१३५ यायची आणि तो कागद खिशात घालून ते गावभर दाखवायचे. हे फक्त मामाच करत होते असं नाही, माझ्या दुकानात येणारे निम्मे लोक असंच करतात, आणि त्यांना फसवायचं कुणाला असतं तर स्वतःलाच, कारण भीती वाटते, मी त्यांना कधी रागावत नाही. पण तीन महिन्यांच्या सरासरीला असं गंडवता येत नाही. रक्तातली साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, ती पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि तेवढ्या दिवसांत किती साखर चिकटली ते ही टेस्ट मोजते, त्यामुळे दोन दिवसांच्या भाकरीने ती चिकटलेली साखर सुटत नाही. (एक सांगून ठेवते, अंगात रक्त कमी असेल, लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर दिसू शकतो, आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवं.) मामांनी २०१४ साली एकदा ही टेस्ट केली होती. ९.८ आली होती. तो कागद आम्हाला २०१९ मध्ये त्यांच्या ट्रंकेत, नोकरीच्या कागदांच्या खाली, घडी घालून ठेवलेला सापडला. मामींना माहीत नव्हतं.

म्हणजे २००५ ते २०१९, १४ वर्षं. त्या १४ वर्षांत साखर जशी हिमोग्लोबिनला चिकटत होती तशीच ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या प्रोटीनला चिकटत होती, आणि तिथली प्रोटीनं १२० दिवसांत बदलत नाहीत, वर्षानुवर्षं तीच राहतात, कडक होत जातात. वाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल आत घुसून बसायला सोपं जातं, त्यात बीपी आणि तंबाखू आली की मग काही बघायलाच नको. फिनलंडमधला १९९८ चा एक अभ्यास आहे, त्यात सात वर्षं लोकांवर लक्ष ठेवलं होतं, तर डायबेटिस आहे पण कधी अटॅक आलेला नाही अशांपैकी साधारण २० टक्के लोकांना अटॅक आला, आणि डायबेटिस नाही पण आधी एक अटॅक येऊन गेलाय अशांपैकी साधारण १९ टक्के लोकांना. म्हणजे दोघं जवळपास एकाच पायरीवर. पुढच्या अभ्यासांत सगळ्याच डायबेटिसवाल्यांची जोखीम इतकी नसते असं दिसलं, पण दहा-पंधरा वर्षं मुरलेली शुगर असेल तर ही तुलना फारशी चुकत नाही.

एप्रिल २०१९. मामा रिटायर होऊन थोडेच महिने झाले होते. बागेत खरड छाटणी चालू होती, ऊन असं की दुपारी कुत्रं बाहेर फिरत नव्हतं. मामा वेलीखाली बसले, म्हणाले दम लागतोय. दरदरून घाम. एकदा उलटी झाली. छातीत दुखलं का, तर अजिबात नाही. त्या उन्हात सगळ्यांनाच घाम होता, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही, मामा म्हणाले पित्त उसळलंय, लिंबू-सोडा प्याले, घरी येऊन झोपले. दोन दिवस नुसता थकवा, जिना चढताना धाप. तिसऱ्या दिवशी मामेभावाने जबरदस्तीने ईसीजी काढायला नेलं आणि तिथून थेट ॲम्ब्युलन्सने मिरज. अटॅक दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता.

हे नीट वाचा कारण हे खूप घरांत होतं. बरीच वर्षं शुगर जास्त राहिली की पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, ते सगळ्यांना माहीत असतं, पण तीच नसांची खराबी हृदयाकडे जाणाऱ्या नसांनाही होते, आणि मग अटॅक येतो पण दुखत नाही, किंवा फार कमी दुखतं. डायबेटिसच्या माणसाला अचानक धाप, घाम, मळमळ, विनाकारण गळून जाणं यातलं काहीही झालं तर पित्त म्हणून सोडा पाजू नका, ईसीजी काढा.

अँजिओग्राफीत मुख्य वाहिनी ९० टक्क्यांच्या वर बंद, बाकीच्या दोन्हींत लांबच लांब ५०-६० टक्के, एक स्टेंट बसला. डिस्चार्जच्या कागदावरचे आकडे मला पाठ आहेत. टूडी इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३८ टक्के, एरवी ५५ च्या पुढे हवं. बीपी १५२/९२. एलडीएल १२८. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, १.५, लघवीतून प्रोटीन जातंय. तीन महिन्यांची शुगर ९.४.

पाच-सहा आकडे होते, त्यातला एकच घरच्यांनी धरला. शुगरचा.

याचं कारण मी नंतर खूप शोधलं आणि मला वाटतं ते अगदी साधं आहे. शुगर घरी मोजता येते. मामेभावाने ग्लुकोमीटर आणला, सकाळ-संध्याकाळ बोटाला टोचायचं, आकडा दिसायचा, तो वहीत लिहायचा, कमी आला की घर खूश, जास्त आला की मामी स्वतःला दोष द्यायच्या की आमटीत गूळ पडला असेल. एलडीएल कुणाला दिसत नाही. लघवीतलं प्रोटीन दिसत नाही. बीपीचं मशीन घरात नव्हतं. जे दिसतं त्याच्या मागे माणूस धावतो.

दर पंधरा दिवसांनी वही घेऊन गावाकडच्या डॉक्टरांकडे जायचं आणि म्हणायचं, साहेब अजून १६० येतेय, वाढवा. डॉक्टरांनी वाढवलं. ग्लिमेपिराइड, म्हणजे अंगातलं इन्सुलिन जास्त सोडायला लावून शुगर उतरवणारी गोळी, दिवसाला २ मिलिग्रॅमवरून ४ झाली, मेटफॉर्मिन होतीच, वर सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन. मी डॉक्टरांना दोष देत नाही, आग्रह आमचाच होता, औषधं माझ्याच दुकानातून जात होती. सहा महिन्यांत मामांचं वजन ७१ वरून ७७ झालं. अकरा वाजले की त्यांना कडकडून भूक लागायची, हात थरथरला की पार्ले बिस्किटाचा पुडा संपवायचे. दिवाळीत मामी मला म्हणाल्या होत्या, "अगं ह्यांची उशी पहाटे ओलीचिंब असती." मी म्हटलं अशक्तपणा असेल. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही, कारण माझ्यासमोर दुसरं कुणी अनोळखी माणूस हेच बोललं असतं तर मी लगेच विचारलं असतं की रात्रीची शुगर कधी तपासलीय का.

आणि मधल्या काळात अजून एक गोष्ट झाली होती जी आम्हाला कळलीच नाही. हॉस्पिटलातून दिलेली एटोरव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉलची गोळी, मामांनी ऑक्टोबरातच बंद केली होती. पारावर कुणीतरी सांगितलं की त्या गोळीने शुगर वाढते. त्यात एक कणभर खरं आहे, स्टॅटिनने शुगर किंचित वाढते, पण स्टॅटिनच्या सगळ्या मोठ्या अभ्यासांची बेरीज करून जे निघालंय ते असं की एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की अटॅक, पॅरालिसिस, बायपास-स्टेंटची वेळ येणं हे सगळं मिळून पाचव्या हिश्श्याने कमी होतं, आणि डायबेटिस असलेल्यांनाही तेवढाच फायदा आहे. म्हणजे हार्टला वाचवायला शुगर कमी करत होते, आणि ती शुगर पाव टक्क्याने वाढू नये म्हणून हार्टला सगळ्यात जास्त वाचवणारी गोळी सोडून दिली.

आता ती रात्र. फेब्रुवारी, गावात हरिनाम सप्ताह. मामांनी साडेसातला इन्सुलिन टोचून घेतलं, अर्ध्या तासात जेवायचं हा नियम पाठ होता, पण कुणीतरी हाक मारली म्हणून देवळात गेले आणि कीर्तन रंगलं, उठवेना. घरी आले अकराला, भूक मरून गेली होती, चतकोर भाकरी आणि ताक घेऊन झोपले. पावणेचारला मामींना जाग आली ती त्यांच्या बोलण्याने, ते झोपेत गाडीचे स्टॉप सांगत होते. अंगावरची बंडी पिळून काढावी इतकी ओली. मामींनी हलवलं तर डोळे उघडले पण ओळख नाही, "कोण बाई तुम्ही" म्हणाले. मामेभाऊ धावत आला, ग्लुकोमीटर लावला, ४१.

गिळता येतंय हे बघून त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात कालवून थोडी थोडी पाजली. हे बरोबर केलं. माणूस पूर्ण बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतायचं नसतं, श्वासनलिकेत जातं, तेव्हा थेट ॲम्ब्युलन्स. पंधरा मिनिटांनी ९६ झाली, मामा उठून बसले, मला फोन आला तेव्हा सगळ्यांना वाटत होतं संपलं. मी सांगितलं संपलं नाही, गाडी काढा. कारण ग्लिमेपिराइड आणि मिक्स इन्सुलिन दोन्ही अंगात अजून काम करत होते, आणि किडनी मंद असली की ते जास्त वेळ टिकतात. झालंही तसंच, हॉस्पिटलात सकाळी आठला परत ५८. संध्याकाळपर्यंत सलाइन चालू होतं. हृदयाचे ठोकेही मधेमधे चुकत होते, मॉनिटरवर दिसत होतं. शुगर खूप उतरली की शरीर घाबरून अड्रेनॅलिन सोडतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तातलं पोटॅशियम खाली जातं, ठोक्यांची लय बिघडू शकते, रक्त गोठायला लागतं, धडधाकट हृदय हे सहन करतं, पण ३८ टक्के पंपिंगच्या हृदयाला हा धक्का भारी. आणि मामांना अटॅकनंतर मेटोप्रोलॉल चालू होती, ती हृदयासाठी गरजेचीच आहे, पण तिच्यामुळे शुगर उतरताना होणारी धडधड आणि थरथर दबून जाते. घाम तेवढा दबत नाही. म्हणून ती ओली उशी.

तिथल्या डायबेटिसच्या डॉक्टरांपुढे मी जानेवारीचा रिपोर्ट ठेवला, अभिमानाने नाही म्हणणार, पण निदान शुगर तरी ताब्यात आहे अशा भावनेने. त्या बाईंनी ६.१ बघितलं आणि विचारलं, "हा आकडा कशाने आणला?" मग मामांकडे बघून म्हणाल्या, "काका, तुमच्या वयाच्या आणि तुमच्यासारख्या हार्टच्या दहा हजार लोकांवर हाच प्रयोग आधी झालाय."

तो प्रयोग म्हणजे ॲक्कॉर्ड. मी घरी येऊन रात्रभर वाचत बसले. अमेरिका आणि कॅनडातली ७७ केंद्रं, १०,२५१ माणसं, सरासरी वय ६२, डायबेटिस होऊन साधारण दहा वर्षं झालेली, तिघांतल्या एकाला आधीच हार्टचं काहीतरी झालेलं, सुरुवातीची सरासरी शुगर ८.१ च्या आसपास. वाचताना मला मामाच दिसत होते. निम्म्यांची शुगर ६ च्या खाली न्यायची ठरवलं, निम्म्यांची ७ ते ७.९ मध्ये ठेवायची. कडक गटाची प्रत्यक्षात ६.४ पर्यंत आली, दुसऱ्यांची ७.५. सगळ्यांना वाटत होतं कडक गट जिंकणार. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कडक गटाचे उपचार मुदतीच्या आधीच थांबवावे लागले, कारण तोपर्यंत कडक गटात २५७ माणसं गेली होती आणि दुसऱ्या गटात २०३. दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल इतकी शुगर उतरण्याचे प्रकार कडक गटात कितीतरी जास्त, आणि चारातल्या एकाहून जास्त लोकांचं वजन १० किलोंच्या वर वाढलं होतं.

इथे थांबून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर कुणीतरी हे वाचून गोळ्या बंद करेल. पहिली, त्याच कडक गटात जीव न घेणारे अटॅक मात्र कमी झाले होते, म्हणजे साखर कमी झाल्याचा वाहिन्यांना फायदा होतच होता. दुसरी, नंतर आकडे परत तपासले तेव्हा दिसलं की जास्त मृत्यू हे ज्यांची शुगर पटकन खाली आली त्यांच्यात नव्हते, तर औषधं वाढवत वाढवत नेऊनही ज्यांची शुगर ७ च्या वरच अडकून राहिली त्यांच्यात होते. त्याच वर्षी ॲडव्हान्स नावाचा ११,१४० लोकांचा दुसरा अभ्यास आला, त्यात हळूहळू ६.५ पर्यंत आणलं तर मृत्यू वाढले नाहीत, किडनीला फायदा झाला, पण अटॅक काही लक्षणीय कमी झाले नाहीत. म्हणजे कमी शुगर हे विष आहे असा याचा अर्थ नाही. वाहिन्या आधीच खराब झालेल्या माणसात, इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडचा डोस चढवत, काही महिन्यांत आकडा खाली ओढणं, हे धोक्याचं. आम्ही नेमकं तेच केलं होतं, शिवाय शुगर उतरल्याची लक्षणं समोर असून ओळखली नव्हती.

मग शुगर लवकर ताब्यात आणण्याचा हार्टला काही उपयोगच नाही का, हा प्रश्न मला छळत होता, आणि याचं उत्तर ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात आहे. १९७७ पासून त्यांनी डायबेटिस नुकताच सापडलेली माणसं घेतली, मुरलेली नाही. एका गटाची शुगर ७ च्या आसपास, दुसऱ्याची ७.९. १९९८ मध्ये निकाल आला तेव्हा डोळे-किडनीचा त्रास २५ टक्क्यांनी कमी, पण अटॅकमधला १६ टक्क्यांचा फरक योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येत नव्हतं, थोडक्यात हुकला. अभ्यास संपला, लोक आपापल्या डॉक्टरांकडे गेले, वर्षभरात दोन्ही गटांची शुगर सारखीच झाली. आणि दहा वर्षांनी, २००८ मध्ये, परत मोजलं तर सुरुवातीला कडक ठेवलेल्या गटात अटॅक १५ टक्क्यांनी कमी, आणि या वेळी फरक पक्का. शुगर सारखी होऊन इतकी वर्षं झाली तरी सुरुवातीच्या वर्षांचा फायदा अंगात उरला होता. मामांची ती सुरुवातीची वर्षं कारल्याच्या रसात गेली. २००५ ते २०१५ मध्ये साधी, स्वस्त मेटफॉर्मिन नियमाने घेतली असती तर, हे मी मामांसमोर कधी बोलले नाही, पण ते स्वतःच एकदा म्हणाले, "बी पेरायच्या टायमाला मी झोपलो, आन आता पाणी पाजतोय."

यूकेपीडीएसमध्येच अजून एक हिशोब आहे जो माझ्या मते प्रत्येक शुगरवाल्याला माहीत हवा. सरासरी शुगर एक टक्क्याने, म्हणजे ८ च्या जागी ७ अशी, कमी असणाऱ्यांमध्ये डोळे-किडनीचा त्रास ३७ टक्क्यांनी कमी दिसतो, पण हार्ट अटॅक १४ टक्क्यांनी. म्हणजे शुगरचा डोळ्या-किडनीशी संबंध जितका घट्ट, तितका हार्टशी नाही, तिथे बाकीचे भागीदार मोठे आहेत, बीपी, एलडीएल, तंबाखू.

डॉक्टर बाईंनी मामांचं टार्गेट बदललं, ७ ते ७.५, आणि म्हणाल्या ८ च्या वर जाऊ द्यायची नाही आणि ७ च्या खाली ओढायची नाही. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद. मिक्स इन्सुलिन बंद, त्याजागी रात्री एकदाच घ्यायचं लांब पल्ल्याचं थोडंसं. मेटफॉर्मिन किडनी बघून कमी डोसमध्ये. आणि नवीन एक गोळी, डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते, एकटी घेतली तर शुगर फार खाली नेत नाही, आणि हिचं विशेष हे की तीन महिन्यांची सरासरी हिने जेमतेम अर्धा-पाऊण टक्का उतरते, पण कमकुवत हृदयाला मिळणारा फायदा त्या अर्ध्या टक्क्याच्या मानाने कितीतरी मोठा आहे. २०१५ मध्ये याच कुळातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचा अभ्यास आला, ७,०२० लोक, सगळ्यांना आधीच हार्टचा किंवा वाहिन्यांचा आजार, त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिनचा पंपिंग कमी असलेल्या ४,७४४ लोकांवरचा अभ्यास आला, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना डायबेटिस नव्हताच, तरी हृदय आणखी बिघडणं किंवा त्याने मृत्यू येणं २६ टक्क्यांनी कमी. म्हणजे ७.३ हा आकडा दोन माणसांचा सारखाच असला तरी तो कुठल्या गोळीने आलाय यावर हार्टचं पुढचं ठरतं. सुरुवातीला ही गोळी महाग होती, मामेभावाने कसंबसं जमवलं, २०२० च्या शेवटी पेटंट संपलं, ढिगाने कंपन्या आल्या आणि किंमत धाडकन उतरली, त्या महिन्यात माझ्या दुकानात किती तरी लोकांना पहिल्यांदा ही परवडली. फक्त दोन गोष्टी मी प्रत्येकाला स्ट्रिप देताना सांगते, लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवा, आणि ज्या दिवशी उलट्या-जुलाब आहेत किंवा कडक उपास आहे त्या दिवशी ही घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

पण बाईंनी सगळ्यात जास्त वेळ शुगरवर घालवलाच नाही. कोलेस्ट्रॉलची गोळी बंद आहे हे त्यांनीच काढून घेतलं मामांकडून, मामा खाली मान घालून बसले होते. ती परत चालू झाली, मोठ्या डोसमध्ये. बीपीच्या गोळीचा डोस वाढला आणि घरी मशीन आणायला लावलं. आणि तंबाखूबद्दल त्या रागावल्या नाहीत, मामांना म्हणाल्या तारीख तुम्ही ठरवा. मामांनी गुढीपाडवा सांगितला. तीनदा मोडलं, चौथ्यांदा सुटली, आता सुपारीसुद्धा नाही. डेन्मार्कचा स्टेनो म्हणून अभ्यास आहे, माणसं फक्त १६०, पण त्यात शुगर, बीपी, कोलेस्ट्रॉल, खाणं, व्यायाम सगळं एकदम हातात घेतलं होतं. साधारण आठ वर्षांत हार्ट आणि वाहिन्यांचे प्रसंग निम्म्यावर आले, आणि २१ वर्षांनी बघितलं तर ती माणसं दुसऱ्या गटापेक्षा जवळपास आठ वर्षं जास्त जगली होती. गंमत म्हणजे शुगरचं ठरवलेलं टार्गेट त्यातल्या बहुतेकांना गाठताच आलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला मामांच्या वहीतले दोन रकाने आठवले, सकाळ आणि संध्याकाळ, आणि त्यात नुसती शुगर. मी त्याच आठवड्यात नवीन वही पाठवली, बीपीचा रकाना आखून, आणि मागच्या पानावर एलडीएल लिहायला जागा ठेवून.

सहा महिन्यांनी एलडीएल ६२, बीपी १२८/७८, वजन ७२, शुगर ७.४. ती ७.४ बघून मामींचा चेहरा पडला होता, "वाढली की गं." मला अर्धा तास लागला समजवायला.

मामेभावाचं सांगायचं राहिलं. २०२१ मध्ये मी त्याला दुकानात बसवून टेस्ट करायला लावली, वय ३४, ढेरी सुटलेली, बापाला शुगर. ७.२ आली. तो म्हणाला, म्हणजे पप्पांपेक्षा बरी आहे ना, पप्पांना तर ७.५ चालते. इथे मी पहिल्यांदा त्याच्यावर आवाज चढवला. वडिलांना ७.५ चालते कारण त्यांच्या वाहिन्या खराब होऊन गेल्यात आणि शुगर उतरण्याचा धोका मोठा आहे. तुझ्या वाहिन्या अजून कोऱ्या आहेत, तुझी यूकेपीडीएसवाली वर्षं आत्ता चालू आहेत, तुला साडेसहाच्या खाली यायचंय, आणि ते मेटफॉर्मिन आणि चालण्यावर येतं, ज्याने शुगर धोकादायक उतरत नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे असं आलंय, आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक उंबरठ्यावर, त्यातले किती तरी तिशीतले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपल्या वडिलांचा आकडा पाठ असतो, स्वतःचा नसतो. मामेभाऊ आता ६.३ वर आहे. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या शेजारी मामींनी एक पुठ्ठा लावलाय, त्यावर दोन आकडे खडूने लिहिलेत, ह्यांचं सव्वासात, पोराचं साडेसहाच्या आत. दोन्ही बरोबर आहेत हे मामींना आता माझ्यापेक्षा नीट सांगता येतं, शेजारच्या बायकांना त्याच समजावतात.

मागच्या महिन्यात मामांचा इको झाला, पंपिंग ४५. छाटणीला स्वतः उभे राहतात, पण उन्हात नाही, सकाळी दहापर्यंतच. खिशात खडीसाखरेची पुडी असते, सदरा बदलला की मामी ती पुडी नव्या सदऱ्यात टाकतात. यंदाच्या सप्ताहात मी गेले होते. कीर्तन ऐन रंगात होतं, साडेआठ वाजले आणि मामी बायकांच्या बाजूने उठल्या, देवळाच्या मागच्या ओसरीत पितळेचा डबा उघडला, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, वाटीत ताक. मामा मृदंगाच्या मागून हळूच उठून आले, भिंतीला टेकून जेवले, हात धुतले आणि परत जाऊन बसले. बुवांचा अभंग अजून संपायचा होता.